आंबोलीची कार्डं

१८ नोव्हें., मंगळवार
श्रुती आज परत दुकानात. निपाणीहून बसनं, आजोबांचा अल्बम छातीशी धरून. आजोबांना ती आप्पा म्हणते. आप्पांनी उमेदीत तंबाखूच्या गाड्या सावंतवाडीला नेल्या. वाटेत आंबोली लागायची, म्हणून तिथली जुनी चित्राची पोस्टकार्डं दिसतील तिथनं गोळा केली. आता श्रु. त्यांचं प्रदर्शन भरवतेय, इथंच शहापुरात, एका शाळेच्या हॉलमध्ये. फ्रेमा आमच्या मामाच्या दुकानात. म्हणजे मी करणार.
म्हणजे ती येत राहणार.
मामा म्हणाला, "सुरज्या, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, काच तरी सोडू नको. तिच्याकडं बघत हात कापून घेशील."

२१ नोव्हें., शुक्र.
सगळ्यात जुनं कार्ड: माळ आणि माळावर तंबू. बस्स. एक घोडा, त्याचा लगाम धरून उकिडवा बसलेला माणूस. श्रु. म्हणते गाव इथनं सुरू होतं. आपल्या इथल्या कॅम्पातले इंग्रज साहेब उन्हाळा काढायला वर जायचे, आधी तंबूत. पुढच्या कार्डात बंगला, दारात काठीएवढं झाड. त्याच्या पुढच्यात तेच झाड कौलांना लागलंय. कार्डावर साल न्हाय, ती झाडावरनं क्रम लावते.
चित्रावरच कडेला कुणीतरी शाईनं खरडलेलं. मी म्हटलं, हे मौंटच्या पुठ्ठ्याखाली झाकतो, स्वच्छ दिसंल. असली ओरडली! त्या काळी मागं फक्त पत्ता लिहायची परवानगी, मजकूर चित्रावरच लिहायचा. एका मडमेनं लिहिलंय, धुक्यानं मोजे वाळत नाहीत.
पावसातलं एकही कार्ड न्हाय. आम्ही आंबोलीला जातो भिजायला, कणसं खायला. साहेब लोक पावसाआधी गाव बंद करून खाली उतरायचे. तेच गाव, पण त्यांचं वेगळं, आमचं वेगळं.
"प्रदर्शन झालं की जाऊया? ह्या जागा शोधायला." गाडीवर, दोघंच, हे बोललो न्हाय.
"बघू," म्हणाली. पण हसली.

२५ नोव्हें., मंगळ.
आज आप्पांना घेऊन आली. धोतर, काळी टोपी, जाड भिंगं. बाजाराचं कार्ड हातात धरून बसले. गवताच्या छपरांची दुकानं, पायरीवर पागोटंवाला.
"मी बघितलं तवा कौलं आलती. चहा लई गोड द्यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, आप्पा, चहात साखर न्हाय, साखरंत चहा हाय."
धबधब्याचं कार्ड रंगवलेलं. पाणी निळीत बुडवल्यासारखं. आप्पा म्हणाले, "रंगवणारा तिथं गेला नसंल. मी एवढ्यांदा गेलो, मला धुकंच दिसलं."
कसली मराठी बोलतो म्हातारा. आमच्या येळ्ळूरच्या कट्ट्यावर बसवला तर ओळखू येणार न्हाय. मला 'बाळ' म्हणाले. आपलाच माणूस.
घाटाच्या कार्डात बायका खडी फोडताहेत, मधोमध टोपीवाला साहेब उभा. खाली छापलंय फक्त घाटाचं नाव. श्रु.नं ओळ लिहिलीय: 'रस्ता करणाऱ्या या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.' मला असं सुचलं नसतं.

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी कानडी संघटनेचे दोघं आले. दुकानाची पाटी बदला म्हणाले, कानडी वर, मोठी. मामा 'आयतु, आयतु', करतो करतो, म्हणत राहिला. मी बोलायला उठलो तर मामानं हात दाबला. डोकं भणभणलं.
दुपारी श्रु.च्या ओळींच्या पट्ट्या आल्या छापून. प्रत्येक पट्टीवर कानडी वर, मराठी खाली.
मामा जेवायला गेलता. कटर हातातच होता. वरचा भाग सगळ्यांचा उडवला. पट्टी धरून सरळ, एक पण वाकडी न्हाय. मराठी तेवढी काचेखाली बसवली. कचरागाडी आली, तिच्यात कानडी टाकून दिली.
हलकं वाटलं. लिहितो खरं ते.

३० नोव्हें., रवि.
उद्घाटन. आप्पा पहिल्या फ्रेमपुढं गेले. चष्मा वर-खाली केला. काचेला नाक लागेपर्यंत वाकले. मग मला म्हणाले, "बाळ, एवढं वाचून दाखव."
श्रु. म्हणाली, "आप्पा, वर कानडीत हाय की." आणि बघितलं तिनं. पुढची फ्रेम. त्याच्या पुढची.
"आप्पांना बाळबोध अक्षर वाचता येत न्हाय, सूरज. शाळा कानडी त्यांची."
मला काय माहीत. बोलतात तर...
वाचून दाखवलं सगळं. तंबू, बंगला, बाजार. आप्पा मान हलवत ऐकत होते. घाटातल्या बायकांपाशी थांबायला सांगितलं. "परत वाच." परत वाचलं.
बाहेर जिन्यात श्रु.: "तू कापलंस?"
"व्हय."
"माझ्यावर राग होता?"
"न्हाय."
"मग ज्याच्यावर होता त्याच्याकडं जायचंस. आप्पांनी काय केलतं तुझं?"
गेली.

१ डिसें., सोम.
श्रु. फोन उचलत न्हाय. मेसेज बघितला, उत्तर न्हाय.
कानडी मजकूर तिच्याकडंच. म्हणून मराठीवरनं कानडी मीच करतोय. शाळेत ती पहिलीपास्नं शिकलो, बोलतो फाडफाड, लिहायला बसलो की हात जड. मामाच्या घरी कानडीच बोलतात, म्हणून त्याला दाखवलं.
"अर्थ बरोबर हाय. पण हे अर्ज केल्यासारखं झालंय. ती पोरगी असं लिहील?"
न्हाय लिहिणार. फाडलं, परत बसलो.
बायकांची ओळ सगळ्यात अवघड गेली.

३ डिसें., बुध.
हातानं लिहिलेल्या कानडी पट्ट्या फ्रेमांखाली चिकटवून आलो. छापायला थांबलो न्हाय. काचेच्या आत बसवायचं तर फ्रेमा भिंतीवरनं काढाव्या लागल्या असत्या, म्हणून बाहेरच. वर बसल्या नाहीत, खाली बसल्या. त्यावर पण कुणी काहीतरी बोलंल. बोलू दे.
श्रु. आलती का, शिपायाला विचारलं. न्हाय म्हणाला.
पाटीचा राग गेलेला न्हाय. तो हायच. पण तो घेऊन कुठं जायचं...

६ डिसें., शनि.
आप्पांचा फोन. शिपायानं कुणाला तरी पट्ट्यांचे फोटो पाठवलते, ते फिरत फिरत त्यांच्याकडं गेले.
"अक्षर वाईट हाय तुझं," म्हणाले. "उद्या जेवायला ये. आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, तेवढं ध्यानात ठेव. उशिरा आलास तर मी तुझ्या ताटापुढं नुसता बसीन."
श्रु. घरी असंल का, विचारायचं धाडस झालं न्हाय. त्यांनी पण सांगितलं न्हाय.

७ डिसें., रवि.
निपाणीच्या बसमधनं लिहितोय. न्हाय, बसच्या खाली उभा राहून. हत्तरगीच्या पुढं टायर गेलं. कंडक्टर जॅक लावतोय, ड्रायव्हर त्याला शिव्या देतोय. मागनं येणारी बस भरून गेली, थांबली न्हाय.
ऊन रस्त्याकडच्या उसाच्या शेंड्यावर आलंय.
आत्ता मेसेज आला, श्रु.चा. 'कुठं पोचलास?' एवढंच. तिनं विचारलंय का आप्पांनी विचारायला लावलंय, कळायला मार्ग न्हाय.
दूध घेऊन जाणारा एक टेम्पो थांबलाय. संकेश्वरपर्यंतच जातो म्हणतोय, निपाणी तिथनं अजून पुढं. चढतो.