खांब क्रमांक बेचाळीसचा दिवा

आप्पा, आज मला ऑफिसकडून नोटीस आली. कारणे दाखवा. अकरा केव्हीचा फीडर, म्हणजे आपली सगळी लाईन, मी तीन तास "विनाकारण" बंद का ठेवला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यायचा आहे. विनाकारण हा शब्द मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा कान तापले. तुम्ही असता तर कागद खिडकीशी नेऊन, चष्मा पुसून, सावकाश वाचला असतात आणि म्हणाला असतात, "आधी जेव." तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. जेवायचं तसंच ठेवून लिहायला बसले आहे.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगते. मी इलेक्ट्रिकलची इंजिनियर झाले. आपल्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तेव्हा आईनं तो देवासमोर ठेवायच्या आधी तुमच्या फोटोसमोर ठेवला. मी कर्जतला रुजू झाले आणि वर्षभरात विनंती करून काष्टीकडच्या आपल्याच सेक्शनला बदली करून घेतली. ज्या लाईनवर तुम्ही वायरमन होता, त्या लाईनची आता मी कनिष्ठ अभियंता आहे. तुमच्या जोडीला असायचे ते काका अजून इथंच आहेत, आणि अजून ठेक्यावरच. चार माणसांत मला "मॅडम" म्हणतात, एकटी असले की "पोरी". डोकं पांढरं झालंय, पण खांबावर चढताना अजून कुणाची वाट बघत नाहीत.

तुमची वही माझ्याकडे आहे. निळ्या रेक्झिनची, घामानं फुगलेली. तिच्यात गावागावांतल्या माणसांचे नंबर आहेत, आणि प्रत्येकापुढं त्याला दारातून काय दिसतं ते लिहिलंय. "गिरणीवाला, कालव्याचा वळणखांब दिसतो." "वस्तीवरली आजी, ओढ्यापासून माळापर्यंतचे खांब, कान तिखट." लाईन गेली की बाकीचे लोक आधी गाडीला किक मारायचे. तुम्ही आधी फोन लावायचात. आवाज कुठून आला? जाळ दिसला का? पाखरं उडाली का? दोन-तीन जणांशी बोलून झालं की अर्धी लाईन सोडून देता यायची, उरलेली पायी. तार डोळ्यांखालून गेल्याशिवाय ट्रायल घ्यायची नाही, हा तुमचा नेम. बाकीचे त्याला हसायचे. कारण ट्रायलइतकं सोपं काही नसतं. फॉल्ट कुठं आहे हे न बघता सबस्टेशनमधून लाईन चालू करायची. टिकली तर टिकली, नाही तर परत ट्रिप होऊन आपोआप बंद पडते. तार तुटून कुणाच्या रानात पडली असेल तर तिच्यात वीज येते, एवढंच.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी दहा वर्षांची आहे. आई भाकरी थापतेय, मी चुलीपुढं बसून जाळ सारतेय. तुमचा मोबाईल चार्जिंगला लावलेला, आणि तुम्ही घरामागच्या खांबावर. फोन वाजतो. सबस्टेशनचा ऑपरेटर विचारतो, "आप्पा उतरले का गं खाली?" नुकताच दारावरून गाडीचा आवाज गेलेला असतो. मला वाटतं तुमचीच. मी म्हणते, "व्हय, आले की." पुढच्या क्षणाला घरामागं एवढा मोठा आवाज होतो की आईच्या हातातली भाकरी राखेत पडते. तारांवर तुम्ही अर्थिंगची साखळी टाकून त्या जमिनीशी जोडल्या होत्या, म्हणून लाईन जागच्या जागी ट्रिप झाली आणि तुम्ही वाचलात. मग तुम्ही घरात आलात. मला वाटलं, आता मारणार. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "डोळ्यांनी बघितलंस का मला उतरताना?" मी मान हलवली. "मग बोललीस कशी? न बघता व्हय म्हनायचं न्हाई. कुनीबी इचारू दे, कवाबी इचारू दे." त्या रात्री तुम्ही माझ्या ताटातच जेवलात.

वर्षभरानं तुम्ही गेलात. या वेळी गाडीचा आवाज नव्हता, फोनवर मी नव्हते. गावात कसलासा कार्यक्रम होता, पाहुणे येणार म्हणून वीज लगेच हवी होती. तुम्ही लाईन बंद ठेवायचं परमिट फोनवर घेतलं होतं, जसं सगळेच घेतात. काम संपवून साखळी काढली होती आणि उतरायला पाय खाली टाकला होता. तेवढ्यात ऑफिसातून एका साहेबांनी ऑपरेटरला सांगितलं, "सगळे खाली आलेत, चालू कर." खुर्चीत बसून सांगितलं. खांब तिथून दिसत नाही. चौकशी झाली, आणि अहवालात लिहिलं गेलं की कर्मचारी विनापरवानगी खांबावर चढल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत झाला. त्याची प्रत आईनं पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवलीय. मी इंजिनियर झाल्यावर ती पुन्हा काढून वाचली.  दहा वर्षांच्या पोरीला तुम्ही विचारलंत, बघितलंस का म्हणून. त्या साहेबांना हा प्रश्न कुणीच विचारला नाही. अहवालात तो कुठंही नाही.

आता त्या तीन तासांचं सांगते. आपल्या फीडरवर आता फॉल्ट दाखवणारे दिवे बसवलेत. ठरावीक खांबांवर एकेक, असे अकरा. फॉल्टचा करंट ज्या खांबावरून जातो तिथला दिवा लाल लुकलुकतो. शेवटचा लुकलुकणारा आणि पहिला न लुकलुकणारा, या दोघांच्या मध्ये फॉल्ट. मला हे दिवे फार आवडले होते. वाटलं, आप्पांना हे मिळालं असतं तर किती पायपीट वाचली असती. परवा बाजाराच्या दिवशी भर दुपारी फीडर गेला. एकतीस नंबरच्या खांबावरचा दिवा लुकलुकत होता, त्यापुढचा दिवा बेचाळीसवर, तो गप्प. काका आणि मी एकतीस ते बेचाळीस दोनदा चाललो. काही नाही. एकही इन्सुलेटर फुटलेला नाही, एकही फांदी टेकलेली नाही. आताच्या साहेबांचा फोनवर फोन. "पाखरू बसलं असेल मॅडम, उडालं असेल. ट्रायल द्या. बाजाराचा दिवस आहे, वरून मला विचारतायत."

मी सबस्टेशनला फोन लावायला मोबाईल काढलासुद्धा. काका बांधावर बसून पायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, सगळी तार बघितली व्हय?"

"दिवा सांगतोय ना काका. बेचाळीसच्या पुढं काही नाही."

"दिवा सांगतोय खरं. पर दिव्याला कुनी इचारलंय का, बाबा तू जित्ता हाईस का म्हनून?"

मी चिडले. उन्हानं डोकं उठलं होतं. पण मोबाईल हातात होता, म्हणून सबस्टेशनच्या ऐवजी तुमच्या वहीतला नंबर लावला. वस्तीवरल्या आजीचा. फोन तिच्या सुनेनं उचलला आणि माझे प्रश्न ओरडून ओरडून तिला विचारले. आजी आता ठार बहिरी झालीय. म्हणाली, "आवाज न्हाई बाई आला. पर माळावरल्या बाभळीवरनं कावळं उठलं समदं एकदम. मी म्हनलं, कुनी मारला का काय धोंडा." मग थांबून म्हणाली, "लई वर्सांनी इचारलं कुनी. तू त्या वायरमनची गं?"

माळावरली बाभूळ अठ्ठावन्न नंबरच्या खांबाशी आहे. बेचाळीसच्या पुष्कळ पुढं. मी ऑपरेटरला सांगितलं, मी स्वतः फोन करेपर्यंत कुणीही सांगितलं तरी हात लावायचा नाही, आणि आम्ही गाडीवर निघालो. तिथं कांद्याची काढणी चालली होती. तार तुटून वाफ्यात पडली होती. पाच बाया तिच्यापासून हातभर अंतरावर बसून भाकरी खात होत्या. तार पायात येते म्हणून त्यांनीच ती उचलून बाभळीच्या झुडपावर टाकली होती, आणि एकीनं तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. मला बघून ती म्हणाली, "या ताई, भाकर खायाला. लाईट कवा यायची?"  काकांनी दोन्ही बाजूंना साखळ्या टाकल्या, मग बायांना उठवलं, मग जाऊन बाभळीला टेकून उभे राहिले. मी बांधावर बसले. 

या तीन तासांना विनाकारण म्हणतात, आप्पा.

नोटीस हातात पडल्यावर मी साहेबांपुढं टॉवेलची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "झालं का काही? नाही ना? मग जे झालंच नाही ते कशाला सांगता? आणि बापासारखं लाईन पायी मोजत हिंडायचं होतं, तर डिग्री कशाला घेतली?"  मग ते मऊ झाले. म्हणाले, "खुलाशात लिहून टाका, त्या म्हाताऱ्यानं पेट्रोलिंगला वेळ लावला. ठेक्याचा माणूस आहे, बदलून देतील दुसरा. तुमचं नवीन करिअर आहे." आणि मी दाराशी पोचल्यावर, "दिव्यांचं काही लिहायच्या आधी तपासणीचं रजिस्टर बघा एकदा."

काकांना मी हे सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "माज्यावर आलं का?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "आलं तर येऊ दे पोरी. तुजा बाप बी गेला, मी बी जाईन. तू ऱ्हा." मला काकांचाही राग आला. तीस वर्षं खांबावर काढून माणूस इतका सहज स्वतःला पुसून टाकायला तयार होतो, ही सवय त्यांना कुणी लावली?

खुलासा लिहून झालाय. पाच पानं. तार कुठं तुटली, बाया कुठं बसल्या होत्या, ट्रायल घ्या असं कुणी किती वेळा सांगितलं, सगळं आहे. काकांनी मला थांबवलं म्हणून पाच जणी जिवंत आहेत, हेही आहे. बेचाळीस नंबरचा दिवा मेलेला होता, त्याची बॅटरी कधीच संपली होती आणि तरी रजिस्टरमध्ये तो "चालू" होता, हेही लिहिलंय. वाक्य असं केलंय की "तपासणीत सदर दिवा चालू असल्याची नोंद करण्यात आली होती." कुणी केली, ते पाचव्या पानावरच्या त्या वाक्यात नाही.

मी केली, आप्पा. दोन महिन्यांपूर्वी ठेकेदाराच्या माणसानं मोबाईलवर यादी पाठवली, अकराच्या अकरा चालू. मी आपल्या स्वयंपाकघरात, चहा उकळत होता तेव्हा, ओट्यावर रजिस्टर ठेवून अकरा टिकमार्क केले आणि सही केली. चहा उतू जायच्या आत झालं. अकरांपैकी एकही दिवा मी डोळ्यांनी बघितला नव्हता.

हे पत्र कुठं टाकायचं, हे मला माहीत नाही. तुमच्या वहीत घडी घालून ठेवीन. पाचवं पान मात्र पुन्हा लिहायला घेते.