काठावरची हाक

३ मार्च
फिजिओताईंनी आज खांदा वाकवून, ओढून, दाबून पाहिला. "ठणठणीत! आता कारणं बंद." शरीर तयार आहे म्हणे. मग डायव्हिंगच्या वरच्या फळीवर उभं राहिलं की उडी का मारवत नाही? ते कुणी तपासत नाही.

६ मार्च
पुन्हा पाण्यावर पाठ आपटली. लालभडक! नवे कोच म्हणाले, "उशिरा उघडतेस. कसली वाट बघतेस?"

कसली म्हणजे! हवेत गुडघे पोटाशी घेऊन गरगरताना वर कुठलं, खाली कुठलं, काही कळत नाही. काठावरून बाबा ओरडायचे — "उघड!" — की मी अंग ताणून सरळ पाण्यात. लहानपणापासून हेच. आता अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची वाचाच गेली. कोचही ओरडून पाहतात. त्यांचा आवाज कानात शिरतो, पोटात नाही.

९ मार्च
आज पायऱ्या चढले आणि तशीच खाली उतरले. रांगेतल्या पोरी मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. ते जास्त लागलं.

१४ मार्च
उद्या निवड चाचणी. ही हुकली की वय आडवं येणार, पुन्हा संधी नाही.

बाबांना भरवताना रडू आलं. म्हटलं, "तुमच्या हाकेशिवाय कशी मारू उडी?" ते धडपडायला लागले. घास सांडला. चांगल्या हाताचं बोट माझ्या छातीवर टोचत राहिले, पुन्हा पुन्हा. बघितलं तर ओढणीवर भात! "हो हो, पुसते," म्हटलं. तर चमचाच भिरकावला. आई माझ्यावरच डाफरली, "नको गं छळूस त्यांना!"

१५ मार्च
वाट बघत राहिले. पाठ आपटली. यादीत नाव नाही. संपलं.

१९ मार्च
धाकटी बहीण बाबांना माझ्या उड्यांचे जुने व्हिडिओ दाखवत होती. हल्ली त्यांना भरभर चाललेलं उमजत नाही, म्हणून अगदी संथ लावते. बाबांची हाक रेड्यासारखी येते. दोघं खुदुखुदु हसत होते. मीही टेकले.

मी उघडते. मग हाक येते.

"थांब. परत लाव. दुसरी लाव." सगळ्यांत तेच. आधी मी, मागून बाबा.

२० मार्च
विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" बाबांनी मान हलवली. होतं. मग परत तेच बोट, माझ्या छातीवर. तू, तू, तू.

आणि मी ओढणी पुसत बसले होते!