बंधाऱ्यातला माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी असावे लागते.

एक. राहते घर भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. बाप बोलत नसतानाही ती दर वाढदिवसाला फोन करते. स्वयंपाकघराचा नळ उजवीकडे फिरवू नये, हातात येतो. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीचे बूड झिजले आहे, दुसरी जवळजवळ नवी आहे. दोन्ही तिच्याच.

दोन. नकाशे व टिपणे पुराभिलेखागाराला द्यावीत. समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येणारा चंदेरी मासा पूर्वी कुठवर पोचत होता, हे मी त्यांतून शोधले. मासा मुबलक असला की त्याची नोंद कोणी करत नाही, भांडण झाले की करतात. म्हणून मी जाळ्यांचे दावे, जकातीच्या तक्रारी, मासेमारीच्या लिलावातली रडगाणी वाचत गेले. जिथे बंधारा झाला, त्याच्या वरच्या गावांत पुढे या माशावरून कोणी भांडलेले दिसत नाही. ती शांतता मी नकाशावर मांडली.

तीन. आमचे माजी विभागप्रमुख माझ्या या कामाला ‘माशांची बखर’ म्हणत. निरोपसमारंभातही म्हणाले आणि सगळे हसले. त्यांना माझे मोठे भिंग द्यावे. त्यांना समोरचे दिसायला उपयोगी पडेल.

चार. बँकेतली शिल्लक खालच्या कलमातला बंधारा उघडायचा ठरल्यास त्या खर्चाला लावावी. न ठरल्यास भाचीला द्यावी.

पाच. आता मुख्य गोष्ट. माशांना वाट मिळावी म्हणून वरचे सगळे बंधारे नदी खात्याने एकेक करून उघडले. उरला तो सर्वांत खालचा, आमच्या आजोबांनी पाणचक्कीसाठी बांधलेला. चक्की कधीच बंद पडली. बंधारा निम्मा माझा, निम्मा धाकट्या भावाचा आहे आणि दोघांच्या सह्यांशिवाय दगड हलत नाही. तो सही करत नाही. आजोबांची तेवढीच निशाणी उरली, असे त्याचे म्हणणे आहे. खात्याच्या सुनावणीत तो सर्वांसमोर म्हणाला, “मी तिथंच वाढलो. बंधाऱ्यापाशी मासा मी कधी पाहिला नाही. ताईला कागदांत दिसतात.” त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो आणि तेव्हापासून बोललो नाही. मला त्याची फार आठवण येते.

वकिलांनी सुचवले की माझा हिस्सा खात्याला द्यावा, ते भावाला कोर्टात खेचून काम उरकतील. माशांच्या दृष्टीने हा सल्ला चोख आहे. तरीही माझा हिस्सा मी धाकट्या भावालाच देत आहे, कोणत्याही अटीविना. अट घातली, तर मेल्यावरही मीच जिंकले असे त्याला वाटेल. मासे वर जातील की नाही, हे आता त्याच्या एकट्याच्या सहीवर आहे, आणि हे लिहिताना मला धाकधूक वाटते.

सहा. पुढील मजकूर हिस्सा नावावर करण्याआधी भावाला वाचून दाखवावा.

तू शाळेत जायला लागला नव्हतास. बंधाऱ्याखाली मासे उड्या मारमारून दगडांवर आपटत होते. ते बघून तू रडलास. मग चक्कीतली धान्याची टोपली उचललीस, एकेक मासा तिच्यात घालून वर चढलास आणि वरच्या पाण्यात सोडलास. मी काठावर तुझे कपडे धरून उभी होते. बाबांनी टोपलीसाठी तुला बदडले, तरी दुसऱ्या दिवशी तू पुन्हा गेलास. सुनावणीत मी हे उठून सांगू शकले असते. पण तुझा चांगुलपणा तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे माझ्याने झाले नाही. तू विसरला असशील, खोटे बोलला नसशील, असेच मी धरून चालले आहे.

बंधारा ठेव किंवा उघड. पण त्याच्यावरून मासे पलीकडे नेणारा पहिला माणूस तू होतास, एवढे कुठेतरी लिहिलेले असावे म्हणून लिहिले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: (ताई)

साक्षीदार पहिली: शेजारीण, वरचा मजला.
साक्षीदार दुसरा: विजेचे मीटर वाचायला आलेले गृहस्थ. दुसरे कोणी मिळेना. चहा घेऊन, सर्व ऐकून सही केली.

ठिकाण: राहते घर, नदीकडची खोली.
दिनांक: नऊ मार्च, मासे वर यायच्या दिवसांत.