शेवटाआधी बंद होणारा सिनेमा

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, खोकला थांबलाय. खोलीत आम्ही सगळे वेल्डर. सुट्टीला तुझाच आवडता सिनेमा लावतो. संवाद तोंडपाठ झालेत, तरी त्याच विनोदांना हसतो. शेवटी मुलगा घरी परततो, तेवढं मात्र बघत नाही. तो गाडीतून उतरला की कुणीतरी गुपचूप उठून बंद करतं.

रजा यंदाही नाकारली. पासपोर्ट मालकाकडेच आहे, म्हणजे हरवायची काळजी नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून सिनेमा लागताच घोरतात का?

ताई म्हणाली, सिनेमातला मुलगा दार वाजवतो तेव्हा तू आपल्या दाराकडे बघतेस.

आई, सिनेमा खुशाल बघ. दाराकडे बघत जाऊ नकोस.

तुझा,
धाकटा