उजव्या इंडिकेटरबद्दल ताईस पत्र

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो, कारण गेला नसता तर तू फोनवर ऐकवला असतास. आम्ही दोघंही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे, आणि हीसुद्धा बरी असावी. खात्रीने सांगता येत नाही, कारण गेले नऊ दिवस ही माझ्याशी बोललेली नाही. त्याचंच हे पत्र आहे. फोन करणार होतो, पण फोन बैठकीत आहे आणि बैठकीत ही आहे.

तुला ठाऊक आहे, मी बस डेपोत सदतीस वर्षं गाड्यांच्या दिव्यांचं काम केलं. तेव्हा दिवा म्हणजे सरळ माणूस होता. बटण दाबलं की वीज निघायची, तारेतून जायची आणि बल्ब लागायचा. नाही लागला तर बल्ब गेला, फ्यूज गेला, नाहीतर तार तुटली, चौथी गोष्टच नव्हती. आताच्या या नव्या गाडीत (जी मी तुझ्या लेकाच्या सल्ल्याने घेतली, पण ते असो) बटण दाबलं की वीज निघतच नाही. निघतो तो अर्ज. ‘दिवा लावावा ही विनंती’ असा अर्ज तारेतून डॅशबोर्डाखाली बसलेल्या एका काळ्या डबीकडे जातो, तिला मॉड्यूल म्हणतात. मग ती डबी विचार करते आणि मंजूर असेल तर दिवा लावते. भर दुपारी मी पुलाखालून गेलो की न विचारता हेडलाइट लावते. मी ते बंद करावेत म्हटलं तर पुलाबाहेर आल्यावर करते. आमच्या डेपोचे साहेबसुद्धा इतके शेफारलेले नव्हते.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण हिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ही गाडी शिकली, ताई. तीन महिने रोज सकाळी सहाला उठून, माझं ओरडणं ऐकून घेऊन (मी ओरडत नव्हतो, स्पष्ट बोलत होतो) मागे घेणं, चढावर थांबवणं, सगळं शिकली. परीक्षेच्या मैदानात परीक्षक हातात कागद घेऊन गाडीमागे उभे होते, आणि मी कुंपणाबाहेर. तिने आठचा आकडा असा काढला की मला भरून आलं. मग परीक्षक म्हणाले, ‘‘उजवीकडे वळा.’’ तिने इंडिकेटरची दांडी खाली केली, वळली, थांबली. परीक्षकांनी नापास लिहिलं, कारण इंडिकेटर दिला नाही.

‘‘दिला होता,’’ ही शांतपणे म्हणाली. ‘‘आत टिकटिक ऐकू येत होती.’’

‘‘बाई, मागे काहीच लागलं नाही.’’

आणि खरंच लागलं नव्हतं. आता ऐक. पूर्वी ती टिकटिक म्हणजे आतल्या रिलेची, दिवा चालू-बंद करणाऱ्या खटक्याची, खरी हालचाल असायची. आता ती टिकटिक स्पीकरमधून वाजवतात. बाहेर अंधार, आत संगीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुंपण ओलांडून परीक्षकांना हे सगळं बसच्या काळापासून समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘काका, परीक्षा यांची आहे.’’ हिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पायी घरी गेली.

मी तिथेच बल्ब काढून पाहिला. ठणठणीत. फ्यूज शोधला तर इंडिकेटरला फ्यूजच नाही, तेही काम डबीकडे. शेवटी वर्कशॉप गाठलं. तिथली मुख्य मेकॅनिक म्हणजे आपल्या लेकीच्या वयाची मुलगी. तिने पाना नाही घेतला, लॅपटॉप जोडला. मला हसूच आलं. दोन मिनिटांत म्हणाली, ‘‘काका, मॉड्यूलने उजव्या इंडिकेटरची वाट बंद केलीय. तिथून पुन्हा पुन्हा जास्त करंट गेला. ते मोजत राहतं, आणि हद्द झाली की वाट बंद करतं. नाहीतर आतलं सर्किट जळेल. बाहेरून काही जोडलंय का?’’

सदतीस वर्षं काम केलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी चहा प्यायला निघून गेलो. परत आलो तोवर तिने लॅपटॉपवरूनच वाट मोकळी केली होती. ही तेव्हा तिथे आली होती (गाडी नीट झाली का हे बघायला, मला भेटायला नव्हे). दोघी मागच्या दिव्यापाशी वाकून काहीतरी बोलत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. तेव्हापासून घरात शांतता आहे. दोष डबीचा, आणि भोगतोय मी.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ

ता. क. एक छोटं काम होतं. तू हिला फोन करून म्हणावंस की तुमच्याही गाडीचं मॉड्यूल असंच आपोआप बिघडलं होतं. ‘आपोआप’ या शब्दावर जरा जोर दे.

ता. क. २. तुझ्यापासून काय लपवायचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी डेपोतून आणलेले दोन जुने पिवळे दिवे बंपरखाली, उजव्या इंडिकेटरच्या तारेवर जोडले होते. ही उजवीकडे वळताना फार हळू वळते. मागच्याला लांबून दिसावं, कुणी येऊन आदळू नये, एवढंच मनात होतं. चार-पाच दिवस छान लागले. दिवे बसचे आहेत, करंट खातात. हे पत्र वाचून फाडून टाक.

वन्सं, नमस्कार. पाकीट यांनी चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. तारेवर चिकटपट्टी तीन वेढे आणि वर गाठ अशी जगात एकच माणूस मारतो, हे मी वर्कशॉपमध्येच ओळखलं. ते दिवे कशासाठी होते, ते मात्र आज कळलं. काल मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी नेऊन परीक्षा दिली. पास झाले. यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही फोन जरूर करा, आपोआप कसं बिघडतं ते मलाही ऐकायचंय.