उलट्या बाजूची फुली

प्रिय बटण,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. ‘मी बरी आहे, काळजी करू नका.’ खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो, आणि अशा बाटल्या तू दिवसभर विकतेस. पण रागावले नाही. रागवायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. का, ते सांगायलाच बसले आहे, आणि नेहमीसारखी आधी इकडचं तिकडचं सांगत सुटणार आहे.

बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. सुईत दोरा ओवायला आता कुणाला तरी हाक मारावी लागते. पहिली हाक तुझ्याच नावाने जाते, मग जीभ चावतात आणि मला बोलावतात. आई काजं करता करता मध्येच विचारते, त्या औषधाच्या दुकानात तिला बसायला स्टूल तरी देतात का गं. मी म्हणते, देत असतील. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, पोरगी घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसते. हे आईला सांगितलेलं नाही.

बाबांच्या दुकानामागची आपली खोली आहे तशीच आहे. एका भिंतीवर खिळ्यांना बाबांचे शर्टाचे, बाह्यांचे, कॉलरचे कागदी नमुने आणि शेजारच्या खिळ्यांवर आपले: हृदय, फुप्फुसं, जठर, सगळी बाबांच्याच कागदातून कापलेली. आठवतं, एका गिऱ्हाइकाने फुप्फुसांकडे बोट दाखवून विचारलं होतं, मास्तर, हे कुणाचं माप? बाबा म्हणाले होते, हे म्हणे सगळ्यांचं सारखंच असतं, आमची मोठी सांगते. ‘आमची मोठी’ म्हणताना त्यांची मान भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या चौकटीकडे वळायची. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालेलं. विज्ञानाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, आणि मलाही ते खरंच वाटू लागलं होतं. मी बी.एस्सी.पर्यंत पोचले, आता माझ्या खांद्यावर पाय देऊन तू डॉक्टर होणार, असा माझा सरळ हिशेब होता.

ती मूत्रपिंडांची संध्याकाळ तुला आठवत असेलच. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयाचं, दुसऱ्या दिवशी परत द्यायचं. मी पातळ कागद ठेवून चित्र पेन्सिलीने गिरवलं, मग शाई फिरवली, नावं लिहिली. तू फ्रॉकांना हूक लावत बसली होतीस. मान वर करून म्हणालीस, ताई, उजवीकडे यकृत एवढं मोठं बसलंय, मग उजवी किडनी वर कशी मावेल? ती खाली सरकायला नको का? आणि मी काय म्हणाले? फाटे फोडू नकोस. परीक्षेत कारण विचारत नाहीत, चार पर्यायांतला एक विचारतात. पाठ कर. मग तू बाबांच्या मशीनच्या तालावर म्हणत बसलीस, डावी खाली, उजवी वर, डावी खाली, उजवी वर. बाबाही ते गुणगुणायला लागले होते.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्या प्रयत्नात तुझे तीन गुण कमी पडले. बरोबर उत्तराचे चार, चुकलं तर एक कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाचा खेळ. तुझा उत्तरतक्ता मीच पाहिला. मूत्रपिंडांच्या प्रश्नावर चुकीची खूण दिसली आणि माझं डोकं फिरलं. बरोबर उत्तर कोणतं, हे वाचायचीही मला गरज वाटली नाही. ते मला येतंच, असं धरून चालले होते. बाबांना म्हणाले, जे रोज डोळ्यांसमोर लटकत होतं तेही हिला आलं नाही. हिचं लक्षच नाही, बाबा. तिसरं वर्ष वाया घालवू नका. बाबांनी तुला विचारलं, काय गं, मोठी म्हणते ते खरं का? तू भिंतीकडे पाहिलंस आणि हो म्हणालीस. आठवड्याने मावशीकडे गेलीस.

गेल्या रविवारी नव्या नमुन्यासाठी बाबा एक खिळा मोकळा करत होते. मूत्रपिंडांचा कागद काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, मोठे, हा तुकडा उलटा झालाय. मी हसले. म्हटलं, बाबा, ही बाही नाही. ते म्हणाले, ते मला नको सांगूस, गिरवलेली रेघ मागे आहे आणि शाई पुढे, आणि ही बघ फुली. कोपऱ्यात, भोकाजवळ, खडूची बारीकशी फुली होती. कापडाच्या उलट्या बाजूवर बाबा करतात तशीच. त्यांनी केलेली नव्हती. मी तर नव्हतीच केली.

मग माझ्या लक्षात आलं. त्या घाईत कागद पालथा पडला होता आणि आरपार दिसणाऱ्या रेघांवर मी मागच्या बाजूने शाई फिरवली होती. चित्र उलटं झालं, नावं मात्र मी नेहमीच्या नियमाने लिहिली, चित्रात डावीकडे दिसते ती उजवी आणि उजवीकडे दिसते ती डावी; म्हणून खालची किडनी डावी ठरली. कागद फिरवला तर मागे पेन्सिलीत, तुझ्या बारीक अक्षरात, दोन्ही नावं जिथल्या तिथे लिहिलेली. माझी नावं तू खोडलीसुद्धा नव्हतीस. म्हणजे निकालानंतर, जायच्या आधी, तुला कळलं होतं की परीक्षेत तू माझंच उत्तर लिहिलंस आणि तेच चुकीचं होतं. बाबांनी विचारलं तेव्हाही कळलेलं असणार. माझ्या पदवीच्या त्या चौकटीखाली उभं राहून तू हो म्हणालीस.

मी आईबाबांना सगळं सांगितलं. आईने काजाची सुई खाली ठेवली. बाबांनी कागद पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, धाकटीने शिवण उसवली नाही, फुली तेवढी केली.

परीक्षेचे अर्ज तीस तारखेपर्यंत घेतात, हे सांगायला हे पत्र. अर्ज मी भरलेला नाही. तुझ्या वतीने ठरवायचं मी आता थांबवलं आहे. कदाचित तुझं मनच उडालं असेल, आणि तसं असेल तर ते माझ्यामुळे, हे मला जन्मभर माहीत असेल. बाबा म्हणतात, अजून दहा वर्षं बसायचं म्हणाली तरी बसू दे. माफी मागत नाही; मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसा. कागद सोबत पाठवते आहे, तुझी बाजू वर ठेवून. आणि त्या संध्याकाळी तू जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. यकृत उजवीकडे मोठं असतं, म्हणून उजवं मूत्रपिंड जरा खाली सरकतं. तुझं बरोबर होतं.

तुझीच,
ताई