भाभी म्हणून मारलेली हाक

टोकावडे
ता. ४ फेब्रुवारी १९९७

चि. वैष्णवीस रंभाआत्याचा आशीर्वाद. वि. वि.

तू कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेली गोष्ट अडखळत वाचली, दोन दिवस लागले. दंगलीची माणसं बांगडीवाल्या शरीफाला न्यायला येतात आन् रंभा कोयता घेऊन दारात उभी. मी कोयता कधी उगारला गो? माझ्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं. ही गोष्ट छापू नको.

वाल काढायला आलेत. म्हस व्याली, रेडा झाला, बापाला सांग.

राग आला तर येऊ दे, माया तेवढी कमी नको करू.
तुझी आत्या रंभा


शहापूर
ता. ९ फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबा म्हणाले, रेडा तुझ्यासारखाच शिंगं रोखणारा निघणार. पण गोष्ट का नको? बाबाच सांगतात, त्र्याण्णवच्या जानेवारीत एसटी बंद पडली, भिवंडीची शरीफाभाभी तुझ्याकडे अडकली आणि तू तिला सांभाळून घरी धाडलंस. आमच्या मॅडमना तर कोयत्याचीच जागा सगळ्यात आवडली. अंक महिनाअखेरीस छापायला जातोय. खरं काय ते कळव.

रागावलीस तरी मला तुझीच म्हणत राहा.
वैष्णवी


टोकावडे
ता. १४ फेब्रुवारी १९९७

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी अर्धंच सांगितलं.

शरीफाला मी कुंकू लावलं, माझं लुगडं नेसवलं, माझी पोत गळ्यात घातली. जीपमधून परकी माणसं आली. मी म्हटलं, ही माझी जाऊ. त्यांना पटलं. माणसं जीपकडं वळलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला आन् तोंडातून गेलं, भाभी, चा टाक गो. बारा वर्सं तीच हाक. जावेला कोण भाभी म्हणतं?

ते माघारी फिरले. तिला ओढून जीपमधी घातली. मी आतून कडी लावली.

सांजच्याला ती चालत आली. पोत काढून उंबऱ्यावर ठेवली. माझ्याकडं बघितलं नाय, परत कधी आली नाय.

तुझ्या गोष्टीत तू दारातल्या तिच्या वरडण्याला दीड पान दिलंस. ती वरडली का नाय, मला ठाऊक नाय. मी कान दाबून बसले होते.

माझी चूक छाप, हवी तेवढी छाप. पण तिचं झालं ते लिहायचं तर आधी भिवंडीला जाऊन तिला विचार. माझ्यानं जाववत नाय. आन् दारात तिला काय म्हणून हाक मारायची, ते मला विचारू नको.

आत्यावर जीव उरला असला तर दोन ओळी टाक.
रंभा